पासष्टला पास

कोल्हापूर, राजारामपुरी
५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
अण्णाचा सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडताच तू आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, याला आता काय झालं. फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाने भरतेस, म्हणून लिहायला बसलो. आज जरा बरंही वाटतंय.

दिवाळी झाली. अभिरामला कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीने यंदा सलग सुटी दिली, त्यामुळे पोरगा पहिल्यांदाच फराळाला घरात दिसला. अदितीने चकल्या केल्या होत्या. मला मिठाचं पथ्य, पण खरं सांगू का, पथ्य नसतं तरी मी त्या खाल्ल्या नसत्या. अन्नावरची वासनाच गेली आहे. अवनीची बारावी आहे, ती पुस्तकात डोकं घालून असते आणि आजोबांना इंग्रजीची पत्रं दुरुस्त करायला देते. तेवढा एक उद्योग राहिलाय.

आमची डायलिसिसची शाळा नियमित भरते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारची पाळी, एकेकाला चार तास. तू विचारलं होतंस, रक्त पुरेसं धुतलं गेलं की नाही हे यांना कळतं कसं. तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी परीक्षा असते. मशीन सुरू करायच्या आधी थोडं रक्त घेतात, संपल्यावर पुन्हा घेतात आणि दोन्हींतला युरिया मोजतात. आधी शंभर भाग होता असं धर, तर त्यातला निदान पासष्ट भाग निघून गेला पाहिजे. आपल्या शाळेत पस्तीसला पास होतं, इथे पासष्टला. मला गेल्या महिन्यात सत्तर होते. शेजारच्या खुर्चीतले मुरगूडचे हंबीरराव एकाहत्तर घेऊन बसलेत आणि मला रोज ऐकवतात.

कालच परीक्षा झाली. तयारी मी करून घेतो. आदल्या दिवशी सगळ्यांनी पथ्य कडक पाळायचं, वेळेवर यायचं, कोणी मध्येच उठायचं नाही. तिथला टेक्निशियन सम्राट माझा विद्यार्थी, सातवी ब. आता दोन मुलांचा बाप आहे, पण अजून माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. त्याच्या सेंटरचे आकडे वाईट आले तर वरून त्यालाच बोलणी बसायची. ते मी असताना होणार नाही.

एरवी मी एवढा वेळ खुर्ची अडवत नाही. माझ्यामागून त्याच खुर्चीवर धोंडुबाई असतात, गारगोटीच्या पलीकडच्या एका वाडीतल्या. त्यांना बसायला उशीर झाला की शेवटची एसटी चुकते आणि रात्र स्टँडवर काढावी लागते. मी तर इथेच गल्लीपलीकडे राहणारा. मग मी तास-सव्वा तास आधीच मशीन सोडतो आणि त्यांना बसवतो. सम्राट सुरुवातीला कां-कूं करत होता. मी दटावल्यावर गप्प झाला. परीक्षेच्या सोमवारी तेवढी बाई शहरात पुतणीकडे मुक्काम करते.

आता मुद्द्याचं. आकडे चांगले आहेत, डॉक्टरीणबाई म्हणतात डायलिसिस पुरेसं होतंय. आणि मी मात्र दिवसेंदिवस खचतोय. पाय सुजतात, अंगाला खाज सुटते, जिना चढलो की धाप लागते. उपचार पुरेसा पोचूनही शरीर साथ देत नसेल तर शरीराचंच संपत आलं, एवढं मला कळतं. अवनीची परीक्षा मार्चमध्ये आटपेल. त्यानंतर मी डायलिसिसला जाणार नाही. मला कोणी भरीला घातलेलं नाही, शांतपणे ठरवलंय. अभिराम-अदितीला अजून बोललो नाही, तूही बोलू नकोस.

सोबत आईचा अडकित्ता पाठवतोय. तुझाच होता असं समज.

आजवर जीव लावलास तसाच शेवटपर्यंत लाव, दुसरं काही मागायचं उरलेलं नाही.

तुझा
अण्णा

---

धारवाड
१३ नोव्हेंबर २०२४

चि. अण्णास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

अडकित्ता मिळाला. पोस्टमनसमोरच रडले, त्याला वाटलं घरात कोणी गेलं. आई गेल्याच्या तेराव्याला तू हाच अडकित्ता माझ्या पिशवीतून काढून घेतला होतास आणि वर मला सांगितलंस की पितळेचं वजन प्रवासात सोसत नाही. त्यानंतर किती दिवाळ्या आपण त्यावरून भांडलो. तुझ्या भावजीला शेवटच्या आजारातसुद्धा मी म्हटलं होतं की काही झालं तरी तो अडकित्ता आणायचाच. आणि आता तो न मागता पाकिटातून आला. तुझं ते शांतपणे ठरवलंय वगैरे वाचून मला काही वाटलं नाही. तू हेडमास्तर, तसली वाक्यं तुला येतात. अडकित्ता पाहिला आणि कळलं, तू खरंच निघालायस.

मार्चमध्ये काय करायचं ते मार्चमध्ये बघू. इथल्या बायका जेवताना नको असलं की ताटावर हात आडवा धरून साकु साकु म्हणतात. तुझंही तसंच चाललंय, पण पुरे म्हणायला आधी पोटात काही गेलं पाहिजे.

कोणाला सांगू नकोस म्हणालास. मी वचन दिलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव.

माझा लोभ तुझ्यावर आहेच, तो सहज सुटणारा नाही.

तुझी
अक्का

---

कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. विमलाआत्यांना,
अदितीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही, बँकेत सगळं मशीनवरच होतं. पण अण्णा दिवसभर घरात असतात, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल फोनवर काय बोलणार, म्हणून जेवणाच्या सुटीत काउंटरमागे बसून लिहिते आहे. अक्षराला हसू नका.

आत्या, अण्णांची तब्येत बरी नाही. तुम्हाला ते हसूनखेळून लिहीत असतील. इथे अर्धी भाकरी पुढ्यात घेऊन बसतात आणि आमची जेवणं झाली की ती झाकून ठेवतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, रात्री उठून बसतात. आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटलो. त्यांनी गेल्या सहा परीक्षांचे आकडे दाखवले, सगळे पासष्टच्या वर. त्या म्हणाल्या डायलिसिस कमी पडत नाहीये, तेव्हा हृदय बघू, वय बघू. हृदयाची तपासणीही झाली, त्यातही फार काही निघालं नाही.

शिवाय त्यांनी वस्तू वाटायला काढल्यात. सायकल वॉचमनला दिली. व्याकरणाची पुस्तकं सम्राटला. परवा अवनीला आपलं शाईचं पेन दिलं, ती घाबरून माझ्याकडे आली. तुम्हाला काही बोललेत का ते? बोलले असतील तर मला कळवा. सून म्हणून नको, घरात मीच त्यांना औषधं देते म्हणून कळवा.

बरं म्हणावं असं एकच. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्यांना हटकून बरं वाटतं. पूर्ण भाकरी खातात, पेपर मोठ्याने वाचतात, यांच्याशी राजकारणावर वाद घालतात. परीक्षा दिल्याचा आनंद असेल. एरवी डायलिसिसहून लवकर सुटतात, अवनी क्लासला निघायच्या आधी घरी असतात, पण पडूनच राहतात.

तुम्ही जवळ असता तर मांडीवर डोकं ठेवून रडले असते. लांबून आशीर्वाद द्या.

आपली
अदिती

---

धारवाड
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अदितीस,
विमलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर छान आहे. आता डोळे पूस आणि हे नीट वाच.

तुझं पत्र आल्यावर मी अण्णाचंही काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली. तो मला लिहितो की धोंडुबाई म्हणून कोणी आहे, तिची एसटी चुकू नये म्हणून हा रोज तास-सव्वा तास आधी मशीन सोडून उठतो. फक्त परीक्षेच्या दिवशी पूर्ण बसतो. तू लिहितेस की परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच त्याला बरं वाटतं. बाई ग, तो आनंदाने बरा होत नाही. त्या एका दिवशी त्याचं रक्त पुरतं धुतलं जातं. डॉक्टरीणबाई बघतात ते आकडे त्या एका दिवसाचे. बाकीचे दिवस कोणी मोजलेच नाहीत.

तुला हा माणूस सासरा म्हणून माहीत, मला भाऊ म्हणून. याच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा काय चालायचं ते मी सुटीत येऊन डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या शाळेतून नकाशे आणून टांगायचा. हुशार पोरं पुढच्या बाकावर, नाक गळणारी मागे. पोरांना आठ दिवस आधी अंघोळीचं वेळापत्रक. साहेब खूश होऊन उत्तम असा शेरा देऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी नकाशे परत. लबाडी म्हणून नाही करायचा. आपल्या शाळेला कोणी नाव ठेवू नये, एवढंच. आता त्याने तेच केलंय, फक्त या वेळी नाक गळणारं पोर तो स्वतः आहे आणि त्याने स्वतःलाच मागच्या बाकावर बसवलंय.

तेव्हा तू असं कर. डॉक्टरीणबाईंना एकटी जाऊन भेट आणि हे सगळं सांग. म्हणावं, एखाद्या साध्या बुधवारी, कोणाला न सांगता, आधीचं आणि नंतरचं रक्त घ्या. अण्णा नेहमीसारखा लवकर उठला तर उठू द्या. त्या दिवसाचा आकडा काय येतो ते बघा. सम्राटला रागावू नकोस, गुरुजींपुढे त्याचं काय चालणार. आणि त्या धोंडुबाईला तर काहीच बोलू नकोस. तिने मागितलेलं नाही, हाच देत सुटलाय.

शेवटची गोष्ट लिहायला हात धजत नाही. अण्णाने मार्चनंतर डायलिसिस बंद करायचं ठरवलंय. अवनीच्या परीक्षेसाठी थांबलाय. कोणाला सांगू नकोस असं त्याने लिहिलं, पण मी वचन दिलेलं नाही. घाई कर पोरी.

तुम्हा तिघांवर माझी माया आहे, आणि त्या चौथ्यावरही, कितीही राग आला तरी.

तुझी
आत्या

---

कोल्हापूर
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यांना,
अदितीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आत्या, छप्पन्न आले.

सोमवारी नेहमीची परीक्षा झाली तेव्हा अण्णांना सत्तर होते. दोनच दिवसांनी, बुधवारी, न सांगता घेतलं तेव्हा छप्पन्न. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले. मग म्हणाल्या, चूक माझीही आहे. रोज किती वेळ मशीन चाललं ते फाईलला लागत होतं, सम्राटने कधी खोटं लिहिलं नाही, पण महिन्याचा आकडा चांगला दिसला की मागची पानं उलटायची वेळच आली नाही. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी शब्दशः लिहिते. त्या म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांना उपचार लागू पडत नाही असं आपण समजत होतो. त्यांना तो पूर्ण मिळतच नव्हता. पूर्ण मिळाला तर ते सुधारतील.

मी तिथेच खुर्चीत बसून रडले. बाहेर येऊन यांना फोन केला, तर हे कंपनीच्या गेटवर उभे राहून रडले. मार्चचं सांगितलं होतं तेव्हापासून रात्री जागे असायचे. त्या दिवशी घरी आले आणि जेवायच्याही आधी झोपून गेले.

अण्णांना शुक्रवारी सेंटरमध्येच सांगितलं. आधी त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, न सांगता परीक्षा घेणं हे नियमात बसत नाही. शेजारून हंबीरराव गरजले की गुरुजी, नियमाचं ऱ्हाऊ द्या, तुम्ही नापास झालाय की. अख्खा हॉल हसला. आता हंबीररावसुद्धा कधीमधी पुतण्याची जीप आली की उठायचे असं निघालं, त्यामुळे त्यांचं हसू लगेच आटपलं.

धोंडुबाईंना कळलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. त्या अण्णांच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, मला ठावं न्हवतं वो गुरुजी, मला वाटलं तुमचं सरलंय म्हणून उठताय, माझ्या एसटीपायी तुमचा जीव गेला असता तर मी त्या एसटीत कशी बसले असते. अण्णांनी मान खाली घातली. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि तोडगा काय निघाला सांगू? सम्राटने दोघांच्या पाळ्या बदलल्या. धोंडुबाई दुपारी, अण्णा शेवटच्या पाळीला. बाईंना एसटी मिळते, अण्णांना घरी यायला गल्ली ओलांडायची. बस्स, एवढंच. सम्राट म्हणाला, हे मला कधीच सुचलं होतं, पण गुरुजींना सांगणार कोण. परीक्षेचा दिवसही आता ठरलेला नाही, डॉक्टरीणबाईंच्या मनात येईल तेव्हा.

अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. दोन दिवस झाले, पाणीसुद्धा अवनीकडून मागवतात. चालेल मला. पूर्ण चार तास बसून येतात आणि माझ्यावर रागावतात, मला आयुष्यभर चालेल.

तुमच्या आशीर्वादाने घर पुन्हा घरासारखं वाटतंय, तो असाच राहू द्या.

आपली
अदिती

---

कोल्हापूर, राजारामपुरी
२१ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
अण्णाचा सा. न. वि. वि.

तू आणि माझी सून मिळून माझ्या पाठीमागे जे केलंत त्याबद्दल मी डिसेंबरभर रागावलेलो होतो. मध्ये संक्रांत आली, अदितीने वाटीत तिळाची एक वडी ठेवून गोड बोला म्हटलं. पथ्यात एकच बसते. ती खाल्ली आणि अक्का, मला दुसरी हवीशी वाटली. कित्येक महिन्यांनी मला काहीतरी हवंसं वाटलं. दुसरी मिळाली नाही, त्यावरून मी अदितीशी भांडलो, आणि भांडताना लक्षात आलं की आपला अबोला मोडला.

आता दोन भाकऱ्या खातो. पायांचे घोटे दिसायला लागले, मी ते विसरूनच गेलो होतो. खाज गेली. रात्री झोप लागते. काल गच्चीवर गेलो होतो, मध्ये एकदाच थांबलो. शुक्रवारी न सांगता परीक्षा घेतली, एकाहत्तर आले. हंबीरराव एकोणसत्तरवर आहेत, त्यांचं तोंड बघायला तू इथे हवी होतीस. वॉचमनकडून सायकल परत मागायला संकोच वाटतो, पण मागणार आहे.

एक सांगतो, ते अभिरामला सांगू नकोस. मी शांतपणे ठरवलंय असं तुला लिहिलं, ते मला तेव्हा खरंच वाटत होतं. ती शांती नव्हती, अंगात विष साचून आलेली गुंगी होती. मला मरायचं नव्हतं. जेवायची इच्छा परत आली तशी जगायचीही आली, आणि आता भीती वाटते की तू दोन पत्रं शेजारी ठेवून वाचली नसतीस तर? मार्चचं जे लिहिलं होतं ते खोडून टाक. अवनीचा निकाल बघायचाय मला, आणि पुढचंही बघायचंय.

शेवटची पाळी बरी आहे. धोंडुबाई उठताना मला खुर्चीची जागा पुसून देतात आणि जाताना सम्राटला बजावून जातात की गुरुजी उठायला लागले तर बांधून ठेव. सम्राट आता मला नाही म्हणायला शिकलाय. उशिरा का होईना, विद्यार्थी तयार झाला.

आणि हो, आईचा अडकित्ता परत पाठव. तो मी वेगळ्या परिस्थितीत दिला होता. ती परिस्थिती राहिलेली नाही. नीट कापडात गुंडाळून रजिस्टर पोस्टाने पाठव.

लोभ आहे तो ठेव, अडकित्ता मात्र ठेवू नकोस.

तुझा
अण्णा

---

धारवाड
३० जानेवारी २०२५

चि. अण्णास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटच्या परिच्छेदाशी आले आणि देवापुढे साखर ठेवली. घोटे दिसले, झोप लागली, एकाहत्तर आले, हे सगळं वाचून बरं वाटलंच. पण तू अडकित्ता परत मागितलास तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. नोव्हेंबरपासून मी त्याला हात लावला नव्हता, कपाटात मागे सारून ठेवला होता. आता काढला, चिंचेने घासला आणि दारातल्या फळीवर मांडला. छान दिसतोय.

परत पाठवणार नाही. तू दिलास, माझ्याकडे पत्र आहे, त्यात तुझाच होता असं तुझ्याच हस्ताक्षरात लिहिलंय. हेडमास्तर माणसाने कागदावर लिहिताना विचार करावा.

हवा असेल तर येऊन घे. मी चौकशी करून ठेवलीय. इथेही डायलिसिस होतं, पाव्हण्यांसाठी आधी कळवलं तर खुर्ची ठेवतात. सम्राटकडून तुझे सगळे कागद घेऊन ये. अवनीची परीक्षा झाली की तिलाही आण, अदितीला चार दिवस विश्रांती मिळेल. मी बाहेर बाकावर डबा घेऊन बसणार आहे. तुझ्यामागून कोणीही येवो, कुठलीही बस सुटो, चार तास पुरे झाल्याशिवाय तू दारातून बाहेर आलास तर तसाच परत आत पाठवीन.

मार्च संपला की ये. अडकित्ता फळीवर आहे, दात शिल्लक नसले तरी सुपारी आणून ठेवते. भांडायला अंगात जोर लागतो, तेव्हा तोवर सगळे तास बसून ये.

माझा जीव तुझ्यात अडकलाय, तो तिथेच राहू दे.

तुझी
अक्का